‘ध’चा ‘मा’ आणि सित्तुबाचा सिलॅबस

जूनमध्ये कॉलेज उघडलं की आमच्या स्टाफरूममध्ये एक वाद हमखास होतो. सगळ्या विषयांच्या सिलॅबसबद्दल मिळून एक इंग्रजी नोटीस काढायची असते आणि गाडी अनेकवचनापाशी अडते. इंग्रजीचे सर म्हणतात, “सिलॅबाय लिहा. लॅटिन शब्द आहे, नियम तोच.” फिजिक्सच्या मॅडम म्हणतात, “सिलॅबसेस लिहा हो, मुलांना कळायला नको का?” यंदा मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, “सर, हा शब्द मुळात लॅटिन नाहीच. ग्रीकही नाही. ही नक्कल करणाऱ्याची चूक आहे, आणि पुढे ती तशीच छापली गेली.”

सरांनी चष्म्यावरून असं पाहिलं, की जणू मी सिलॅबसच रद्द केलाय. त्यांना दहा मिनिटांत जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर सांगतो.

गोष्ट सुरू होते इ.स.पू. 56 मध्ये, रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेल्या अँटियम या गावात. आज त्याला अँझिओ म्हणतात. तिथे सिसेरोचं एक घर होतं. सिसेरो म्हणजे रोमचा नामवंत वक्ता, वकील आणि राजकारणी. दोनेक वर्षांपूर्वी क्लोडियस नावाच्या शत्रूने त्याला हद्दपार करवलं होतं आणि मागे त्याच्या घरांची लुटालूट झाली होती. परत आल्यावर त्याने काय काय शिल्लक आहे ते पाहायला घेतलं. त्यात पुस्तकंही होती. ती लावून द्यायला त्याला टिरॅनिओ नावाचा ग्रीक पंडित मिळाला. हा एके काळी युद्धकैदी म्हणून रोमला आलेला माणूस, पण पुस्तकांच्या बाबतीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सिसेरो आपला जिवलग मित्र अ‍ॅटिकस याला पत्र लिहितो. मजकूर साधारण असा: टिरॅनिओने माझी पुस्तकं किती सुरेख लावली आहेत ते येऊन बघ, उरलेली पुस्तकं मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्या अवस्थेत आहेत. तुझ्याकडचे दोन लेखनिक पाठव, टिरॅनिओला चिकटवाचिकटवीला हाताखाली लागतील. आणि त्यांना येताना थोडं चर्मपत्र आणायला सांग. त्याच्या नावपट्ट्या करायच्या आहेत, ज्यांना तुम्ही ग्रीक लोक, मला वाटतं, ‘सित्तुबा’ म्हणता.

अ‍ॅटिकस होता रोमनच, पण बरीच वर्षं अथेन्समध्ये राहिला होता, म्हणून हे ‘तुम्ही ग्रीक लोक’. अमेरिकेत वीस वर्षं काढून आलेल्या मित्राला आपण ‘तुम्ही अमेरिकन लोक’ म्हणून चिडवतो ना, तसं. त्यात ते ‘मला वाटतं’ मला फार आवडतं. ज्या शब्दावरून पुढे एवढं रामायण घडलं, तो शब्द लिहिणारासुद्धा त्याबद्दल पुरता निःशंक नव्हता.

ही नावपट्टी कशासाठी? तेव्हाचं पुस्तक म्हणजे पपायरसची, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाची गुंडाळी. पाठीवर नाव छापायला पाठच नाही. गुंडाळ्या फळीवर आडव्या रचून ठेवायच्या आणि समोरून पाहिलं की दिसणार नुसती गोल तोंडं, सगळी सारखी. आपल्याकडे पेशवे दप्तरातले कागद कापडात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. वरून पाहिलं तर सगळे रुमाल सारखेच. आत काय आहे हे कळायला बाहेर काहीतरी लिहिलेलं लागतंच. ग्रीकांनी त्यासाठी गुंडाळीच्या टोकाला चर्मपत्राची छोटी पट्टी चिकटवायची पद्धत काढली. पट्टी बाहेर लोंबत राहायची आणि तिच्यावर लेखकाचं आणि ग्रंथाचं नाव असायचं. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या जुन्या शहराच्या उकिरड्यात अशा काही पट्ट्या खरोखर सापडल्या आहेत. एकीवर बॅकिलिडीझ या ग्रीक कवीचं नाव आहे.

काम झाल्यावर सिसेरोने पुन्हा लिहिलं, की टिरॅनिओने पुस्तकं लावल्यापासून माझ्या घरात जणू जीव आला आहे. तू पाठवलेल्या दिओनिसियस आणि मेनोफिलस यांनी कमाल केली. आणि त्या सित्तुबांनी पुस्तकं अशी उजळली आहेत, की तुझ्या त्या फळ्यांपेक्षा देखणं दुसरं काही नाही.

शब्दाचं काम इतकंच. चिठ्ठी. लेबल.

आता मधली चौदाशे वर्षं. सिसेरो गेला, रोमचं साम्राज्य गेलं, पपायरसही गेला. पत्रं टिकली ती हाताने नकला होत होत. नक्कल करणारे बहुतेक लॅटिन जाणणारे होते, ग्रीक जाणणारे पश्चिम युरोपात फार थोडे. सिसेरोच्या पत्रांत तर ग्रीक शब्दांची पेरणी जागोजागी, आपल्या बोलण्यात इंग्रजी शब्द येतात तशी. असा शब्द आला की नक्कलनवीस बिचारा आकार पाहून उतरवायचा. बसून पाहा कधी: कानडी न येणाऱ्याने कानडी पाटीची नक्कल करावी, तिची नक्कल दुसऱ्याने, आणि असं दहा-वीस पिढ्या.

त्यात रोमन अक्षरांची गंमत आहे. जुन्या हस्तलिखितांतल्या एका मोठ्या अक्षरांच्या वळणात ‘आय’, ‘टी’ आणि ‘एल’ ही तिन्ही अक्षरं म्हणजे मुळात एकेक उभी रेघ. आडवा फटकारा वर असला तर ‘टी’, खाली असला तर ‘एल’, ठळक नसला तर ‘आय’. शाई उडाली, कातडं सुरकुतलं, की एकाचं दुसरं व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडे शिरोरेघ जरा इकडेतिकडे झाली की ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’ होतो, तसलाच प्रकार. सित्तुबातल्या जोड ‘टी’चा जोड ‘एल’ झाला.

हातापेक्षा मोठी चूक मन करतं. अनोळखी शब्द दिसला की मन जवळपासचा ओळखीचा शब्द शोधतं. लॅटिनमध्ये ‘सिलाबा’ हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक होता. अर्थ शब्दावयव, ज्यावरून इंग्रजीतला ‘सिलेबल’ आला. आकार तसा, नाद तसा. म्हणजे नक्कलनवीसाला ‘सित्तु...’ असं काहीतरी अगम्य दिसत होतं आणि कानात ‘सिलाबा’ वाजत होतं. जिंकणार कोण, ते उघड आहे.

हस्तलिखितांची चिकित्सा करणाऱ्यांचा म्हणूनच एक नियम आहे: दोन प्रतींत एकाच जागी वेगवेगळे शब्द, म्हणजे दोन पाठ, असतील तर जो अवघड, तो बहुधा मूळचा. कारण नक्कल करणारा अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा कुणी करत नाही. पुण्यात भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार केली, तेव्हा याच जातीचे प्रश्न ओळीओळीला सोडवावे लागले. त्याच्याही कितीतरी आधी एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. ग्रंथ लिहून जेमतेम तीनशे वर्षं झाली होती, तेवढ्यातच इतकी भेसळ साचली होती. सिसेरोच्या पत्रांची वाट त्याच्या चौपटीहून लांब.

1345 मध्ये इटालियन कवी पेट्रार्क याला व्हेरोनाच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात अ‍ॅटिकसला लिहिलेल्या या पत्रांचं एक हस्तलिखित सापडलं. त्याने ते स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं. व्हेरोनाची ती प्रत पुढे हरवली, पेट्रार्कची नक्कलही हरवली. उरली ती 1393 च्या सुमारास फ्लोरेन्सच्या कोलुच्चो सालुताती या विद्वानासाठी केलेली एक प्रत, जी आज फ्लोरेन्समध्येच आहे. त्या प्रतीत चिठ्ठ्यांच्या जागी शब्द आहे ‘सिलाबोस’, पहिला स्वर साधा ‘आय’. मग 1470 मध्ये ही पत्रं रोम आणि व्हेनिस अशा दोन्ही ठिकाणी छापून निघाली. सुरुवातीच्या छापील आवृत्त्यांत काहींनी तो शब्द आणखी ‘सुधारला’. ‘आय’च्या जागी ‘वाय’ आला, कारण ‘वाय’ घातला की शब्द कसा अस्सल ग्रीक दिसतो. अडाण्याने केलेली चूक निदान उघडी पडते. विद्वानाची चूक नीट इस्त्री करून ठेवलेली असते.

खरा कळसाध्याय यापुढे आहे. नंतरच्या संपादकांनी विचार केला, की सिसेरो स्वतःच ‘तुम्ही ग्रीक लोक म्हणता’ असं लिहितो आहे, तर हा शब्द ग्रीक लिपीतच हवा. म्हणून त्यांनी तो ग्रीक अक्षरांत मांडला. एकदा ग्रीक अक्षरांत छापला की तो ग्रीक शब्दच झाला. त्यावरून कोशकारांनी ‘सुल्लाबोस’ असं नाम सिद्ध केलं, जे ग्रीकांच्या गावीही नव्हतं. आणि नाम आहे तर धातू हवाच. तोही सापडला: ‘सुल्लाम्बानेइन’, म्हणजे एकत्र घेणे, गोळा करणे. हा धातू खरा आहे, ‘सिलेबल’ त्यातूनच आला आहे. पण सिलॅबसशी त्याचं नातं दत्तकही नाही, बनावट कागदपत्रांचं आहे.

किती चपखल बसतं ते मात्र बघा. सिलॅबस म्हणजे ‘एकत्र गोळा केलेलं’. विषय गोळा केले, प्रकरणं गोळा केली. शिक्षकाने वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर लिहावं अशी व्युत्पत्ती! मी स्वतः ती दोन वर्षं लिहीत होतो.

मग चूक पकडली कशी? सिसेरोने कृपा केली, हा शब्द त्याने एकदाच वापरला नाही. तीन वेगवेगळ्या पत्रांत तो आला आहे. नक्कल करणारा तीनदा चुकला, तरी तिन्ही वेळा एकसारखा चुकत नाही. तीन ठिकाणची विद्रूप रूपं शेजारी ठेवली, तेव्हा अभ्यासकांना त्यामागचं ‘सित्तुबा’ दिसलं. मूळ रूप ‘सित्तुबा’ मानावं की ‘सिल्लुबोस’, यावर अजून दोन तट आहेत. भांडण फार मोठं नाही, कारण अर्थ दोन्हींचा पट्टीच आणि दोन्हींपैकी एकही ‘सिलॅबस’ नाही.

इंग्रजीत हा शब्द 1656 पासून सापडतो. तेव्हा अर्थ होता यादी, अनुक्रमणिका. म्हणजे चिठ्ठीवरचं नाव एक पायरी पुढे सरकलं होतं: आधी पुस्तक कोणतं ते सांगायचं, आता पुस्तकात काय काय आहे ते. पुढे व्याख्यानमालेत कायकाय सांगणार त्याचा आराखडा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळा-कॉलेजचा अभ्यासक्रम. मधल्या काळात 1864 मध्ये पोप नववे पायस यांनी त्या काळच्या ‘चुकीच्या’ मतांची 80 कलमी यादी जाहीर केली, तिचं नाव ‘चुकांचा सिलॅबस’. चुकांची यादी, आणि शीर्षकातला शब्द स्वतःच चूक. यापेक्षा जास्त काही बोलायची गरज नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनाही वर एक ‘सिलॅबस’ जोडतात, निकालाचा गोषवारा म्हणून. सोबत टीप असते, की हा मजकूर निकालाचा भाग नाही, वाचकांच्या सोयीसाठी आहे. बाहेर चिकटवलेली पट्टी, आतल्या गुंडाळीचा भाग नव्हे. नकळत का होईना, शब्द तिथे मूळ अर्थाच्या अगदी जवळ जाऊन बसला आहे.

आपल्याला अक्षरफेरीचं नवल वाटू नये. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचारच आहे आपल्याकडे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रात ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, अशी आख्यायिका. ती कितपत खरी यावर वाद आहे, पण तिथे निदान कुणाचा तरी हेतू असल्याचं सांगतात. सिलॅबसमध्ये कुणाचाच काही हेतू नव्हता. दिव्याच्या उजेडात कुणीतरी जांभई देत एक ओळ उतरवली, एवढंच.

चुकीच्या वाचनातून शब्द जन्मतो याचं आपल्या घरचं उदाहरणही आहे, आणि ते दहावीच्या भूमितीत बसलं आहे. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला आपण जीवा म्हणतो. संस्कृतमध्ये ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरी. पाचव्या शतकाच्या शेवटी आर्यभटाने अर्ध्या ज्येची कोष्टकं दिली. ती कल्पना अरबांकडे गेली, तेव्हा त्यांनी शब्दही तसाच उचलला: ‘जीबा’. पण अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि लिहिलेली व्यंजनं पाहून पुढच्यांनी तो ‘जैब’ असा वाचला. तो शब्द अरबीत आधीपासून होता: अंगरख्याचा गळ्याजवळचा भाग, कपड्याची घडी. हिंदीतली ‘जेब’ तीच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झालं, तेव्हा घडी, खोलगट जागा या अर्थाचा लॅटिन शब्द घातला गेला: ‘सायनस’. त्याचा इंग्रजीत ‘साइन’ झाला. म्हणजे ‘साइन थीटा’ आणि ‘डॉक्टर, मला सायनसचा त्रास आहे’ यांत शब्द एकच आहे. एका बाजूला धनुष्याची दोरी, दुसऱ्या बाजूला चोंदलेलं नाक.

सगळ्याच चुका अशा भाग्यवान नसतात. 1934 मध्ये वेबस्टरच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात ‘डॉर्ड’ असा एक शब्द छापला गेला, अर्थ ‘घनता’. असा शब्दच नव्हता. 1931 मध्ये संपादकीय कार्यालयात एक चिठ्ठी तयार झाली होती, की ‘डी’ हे अक्षर, मोठं किंवा लहान, घनतेसाठी वापरतात. त्यातलं ‘डी ऑर डी’ कुणीतरी सलग वाचलं आणि शब्द तयार! 1939 मध्ये तो पकडला गेला. कसा? एका संपादकाच्या लक्षात आलं, की या नोंदीला व्युत्पत्तीच दिलेली नाही.

हे वाचलं आणि मला सिलॅबसचं खरं रहस्य कळल्यासारखं वाटलं. डॉर्डला बाप नव्हता, म्हणून तो नाक्यावर अडवला गेला. सिलॅबसला खोटा का होईना, ग्रीक बाप, आजा, कुलवृत्तान्त सगळं मिळालं, म्हणून तो शतकानुशतकं नाके ओलांडत राहिला. शब्दांच्या जगात व्युत्पत्ती हे पारपत्र आहे, आणि पारपत्र जितकं देखणं, तितकं मी आता ते दोनदा तपासतो. ‘अमुक शब्द म्हणजे तमुक अधिक ढमुक’ अशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या बघा, एकजात चपखल. खऱ्या व्युत्पत्त्यांचा सांधा बहुधा कुठेतरी कुरकुरतो.

राहता राहिला आमचा अनेकवचनाचा वाद. ‘सिलॅबाय’ हे रूप लॅटिन नियमाने होतं खरं, पण सिसेरोच्या काळी हा शब्दच नव्हता, तर त्याचं अनेकवचन कुठून असणार? मूळ शब्दाशी इमान राखायचं तर लॅटिन रूप ‘सित्तुबाय’सारखं काहीतरी होईल आणि नोटीस वाचून मुलं शिपायाला विचारतील, की हा कुठला नवीन विषय. आजचे इंग्रजी कोश ‘सिलॅबाय’ आणि ‘सिलॅबसेस’ दोन्ही चालवून घेतात. चूक इतकी मुरली, की आता तिला व्याकरणाची दोन-दोन रूपं आहेत.

सगळं ऐकून इंग्रजीचे सर म्हणाले, “म्हणजे मॅडमही बरोबर?” मॅडम म्हणाल्या, “म्हणजे सरही चूक नाहीत.” शेवटी नोटीस मराठीतून निघाली: ‘सर्व विषयांचे अभ्यासक्रम ग्रंथालयात उपलब्ध आहेत.’ दुसऱ्या दिवशी बोर्डावर पाहिलं, तर खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, “पोर्शन किती कट झाला ते सांगा.”